जुनी फायबरची होडी घेताना

मूर्तिजापूरपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. आपला मुलूख कापसाचा आणि तुरीचा. इथे होडीचा विषय कशाला, असे कुणी विचारील. पण आपल्या अकोला जिल्ह्यात महानचे काटेपूर्णा धरण आहे, वान, मोर्णा, निर्गुणा, उमा हे प्रकल्प आहेत. या पाण्यावर मासेमारी चालते आणि तिच्यावर कित्येक घरांची चूल पेटते. पूर्णेला पूर आला की गावकऱ्यांना पहिली आठवण होडीचीच होते. लाकडी होडीला दरवर्षी डागडुजी लागते, चांगले लाकूड महाग झाले आहे, म्हणून आता फायबरच्या होडीकडे ओढा आहे. नवी परवडत नाही, तेव्हा जुनी शोधली जाते. घरातली बचत, कधी बायकोचा दागिना, कधी भावाकडून घेतलेली उसनवारी तिच्यात जाते. त्यात पुढे जीवही त्याच होडीत बसवायचा असतो. म्हणून हा लेख.

होडीतली हयगय काय करते ते आपण जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटली आणि ११ जण गेले. मे २०२३ मध्ये केरळात तानूर येथे बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला, त्यात लहान मुले बरीच होती. ती मासेमारीची जुनी बोट फेरफार करून प्रवासी बोट केलेली होती आणि तिच्यात माणसेही जास्त भरली होती. होडी तरंगते आहे एवढ्यावरून ती सुरक्षित आहे असे ठरत नाही.

फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि तिच्यात मुरवलेले रेझिन. असे थरावर थर बसवून होडीचे अंग तयार होते. बाहेरून चकचकीत दिसतो तो जेलकोट, म्हणजे पाणी अडवणारे पातळ कातडे. फायबर कुजत नाही हे खरे. पण पुष्कळ होड्यांत मजबुतीसाठी तळाचे कणे, तळफळी आणि मशीन बसवायची मागची पाटी यांच्या आत प्लायवूड असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की हे लाकूड आतल्या आत सडते. वरून मात्र काही दिसत नाही.

आमचा पहिला सल्ला असा की होडी पाण्यात असताना सौदा करू नका. ती काठावर काढायला, कोरडी करायला आणि पालथी घालायला सांगा. सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या अंगावरून लांबवर नजर टाका. फुगवटे, खळगे, जुनी ठिगळे दिसतात. होडी नुकतीच रंगवलेली असेल तर रंग कधी दिला आणि का दिला, हे विचारा. रंगवणे हा काही गुन्हा नाही, पण विकायच्या आधी आठ दिवस दिलेला रंग पुष्कळ गोष्टी झाकतो.

भेगा दोन प्रकारच्या असतात. केसासारख्या बारीक, सगळीकडे पसरलेल्या भेगा बहुधा जेलकोटपुरत्या असतात. एकाच ठिकाणाहून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाकलेल्या भेगा दिसल्या तर तिथे दगडाचा किंवा धक्क्याचा मार बसला आहे असे समजावे आणि आतल्या बाजूने तीच जागा तपासावी.

नंतर ठोकून पाहा. प्लास्टिकच्या मुठीचा छोटा हातोडा किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ पुरते. वीतभर अंतराने सगळ्या अंगावर हलके ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत. मध्येच भद्द असा बसका आवाज आला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आत पाणी मुरले आहे. त्या जागेभोवती खडूने रेघ मारा. शेवटी खडूचे ठिपके किती आणि कुठे, यावरूनच अर्धा निर्णय होतो.

तळाला मसुरीएवढे किंवा रुपयाएवढे फोड दिसतील तर त्यातला एक मालकाच्या परवानगीने फोडून पाहा. आतून चिकट, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे पाणी निघाले तर जेलकोटमधून पाणी झिरपून आतल्या थरापर्यंत गेले आहे. हा दोष खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक होतो. म्हणून धरणात बारा महिने उभी राहिलेली होडी पाहताना याकडे विशेष लक्ष द्यावे. चार-दोन फोड घासून, पूर्ण वाळवून भरता येतात. सगळा तळच फोडांनी भरला असेल तर माघारी फिरावे.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मशीनची मागची पाटी. मशीनचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्या. पाटी हलली, वाकली किंवा कडेच्या सांध्यातून पाणी पाझरले तर आतले लाकूड गेले आहे. ही दुरुस्ती सर्वांत खर्चिक, कारण पाटी कापून नवी बसवावी लागते. होडीच्या तळफळीवरही टाच दाबत चाला. पाय रुतल्यासारखा वाटला तर तिथेही तेच. तळफळीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असेल तर तो पाणी पिऊन बसला आहे का, हे पाहा. ओला फोम होडी तरंगवत नाही, उलट जड करतो.

मग होडी सरळ करून काठावरच चार बोटे पाणी आत भरा आणि खालून बघा. भेग कुठे आहे ते पाणीच दाखवते. शेवटी रिकामी होडी दोन तास पाण्यात सोडा आणि आत किती पाणी आले ते पाहा.

मशीन थंड असतानाच सुरू करायला लावा. आपण पोचण्याआधीच ते गरम असेल तर कारण विचारा. सुरू झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे. गिअरचे तेल थोडे काढून पाहा. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी जाते आहे. मशीनवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का, तेही पाहा.

कागदपत्रांत मूळ बिल, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि नोंदणी बघावी. होडी कर्जातून, अनुदानातून किंवा मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावर घेतलेली असेल तर त्या संस्थेची किंवा बँकेची लेखी संमती मागावी. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. मशीनवर चालणाऱ्या होडीत प्रवासी बसवायचे असतील तर नोंदणी आणि तपासणीचे नियम आधी समजून घ्यावेत.

आपल्याकडे कापसाच्या बाजारात व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो. वरचा कापूस कोरडा आणि आतला ओला, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. सीसीआयच्या खरेदीतही ८ ते १२ टक्के ओलाव्याचा हिशेब असतो. मदिनेच्या बाजारात हजरत पैगंबर (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. ताज्या रंगाखालची सडकी पाटी म्हणजे त्याच राशीतले ओले धान्य होय.

सूरह कहफमध्येही एका होडीची गोष्ट आहे. गरीब माणसे तिच्यावर पोट भरत होती. पुढे एक राजा प्रत्येक धडधाकट होडी बळजबरीने हिसकावून घेत होता, म्हणून हजरत खिज्र (अ.) यांनी तिच्यात दोष निर्माण केला आणि ती गरिबांच्या हाती राहिली. तो दोष दिसणारा होता, म्हणूनच ती वाचली. आपण लपवलेला दोष मात्र गरिबालाच बुडवतो.

विकणाऱ्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. होडीचे दोष स्वतःहून दाखवा. खरे बोलून केलेल्या सौद्यात बरकत असते आणि लपवाछपवीने ती जाते, ही शिकवण हदीसमध्ये स्पष्ट आहे. लपवलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहने खरेदीदाराला दिला आहे. हनफी फिकहप्रमाणे तीन दिवसांची मुदत ठरवून सौदा करता येतो. ही मुदत, सांगितलेले दोष आणि ठरलेली किंमत कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. उधारी लिहून ठेवण्याची आज्ञा तर कुरआननेच दिली आहे. सख्ख्या नातलगातही ती संकोच न करता पाळावी.

होडी घेतल्यावर घासकाम करायचे असेल तर तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे हवेत. काचेची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला बाधते. हे काम अंगणात मुलांदेखत करू नये. घेतलेल्या पैशातले थोडे लाइफ जॅकेटसाठी बाजूला काढावेत, जितकी माणसे बसणार तितकी. होडीच्या किमतीत घासाघीस जरूर करा, जॅकेटच्या संख्येत करू नका.