फेरारीवाल्या आजोबांचा दोस्त

दोस्तांनो, रात्रीच्या एसटीनं नांदेडहून लातूरला कधी गेला आहात का? लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं एकामागून एक मागं पडत असतात. ऊसतोडीचे दिवस असले, की पुढं कुठंतरी उसानं गच्च भरलेली ट्रॉली असतेच. मागं दिवा नाही, काही नाही! ड्रायव्हरकाका कचकन ब्रेक दाबतात. सगळी एसटी पुढं झुकते. मागच्या सीटवरून एखादी आजी म्हणते, "अगं बाई, वाचलो गं!"

पण एखाद्या ट्रॉलीच्या पाठीमागं तांबडी-पांढरी चमकती पट्टी चिकटवलेली असते. ती लांबूनच लखलखते. ड्रायव्हरकाका आधीच वेग कमी करतात. आजीची झोपही मोडत नाही!

अशाच चमकणाऱ्या पट्टीमुळं दोन माणसांची गट्टी जमली. त्यांच्या वयात पन्नास वर्षांहून जास्त अंतर होतं. त्यातला एक दोस्त आता या जगात नाही. त्या दोघांची ही गोष्ट.

मोठ्या दोस्ताचं नाव रतन टाटा. हे नाव तुम्ही मिठाच्या पुडीपासून ट्रकपर्यंत सगळीकडं वाचलेलं असणार. त्यांचा जन्म 28 डिसेंबर 1937 चा. एवढ्या मोठ्या उद्योगाचे प्रमुख, पण गाडी म्हटली की लहान मुलासारखे खूष व्हायचे. त्यांच्याकडं लाल रंगाची फेरारी होती. ती स्वतः चालवायला त्यांना फार आवडायचं. वेगाची हौस एवढी, की 2007 साली बंगळूरच्या विमान प्रदर्शनात वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते एफ-16 या लढाऊ विमानात बसून आकाशात फिरून आले! पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीनं जग्वार ही इंग्लंडची नामांकित मोटार कंपनी विकत घेतली.

पण याच 2008 सालात त्यांनी आणखी एक गाडी लोकांसमोर आणली. छोटीशी नॅनो. आई, बाबा आणि दोन मुलं एकाच स्कूटरवर दाटीवाटीनं बसून निसरड्या रस्त्यावरून चालली आहेत, हे दृश्य त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. अशा घराला परवडेल अशी लाखभर रुपयांची गाडी काढायची, असं त्यांनी ठरवलं. नॅनो फारशी खपली नाही. 2018 साली तिचं उत्पादन थांबलं. पण त्यामागचा विचार बघा. स्वतःच्या दाराशी फेरारी असलेला माणूस रस्त्यावर बघत होता तो स्कूटरवरच्या चौघांकडं!

आता धाकटा दोस्त. त्याचं नाव शंतनू नायडू. पुण्याचा मुलगा. इंजिनिअर होऊन तो पुण्यातच टाटांच्या एका कंपनीत नोकरीला लागला. एकदा त्याला रस्त्यावर गाडीखाली सापडून मेलेला कुत्रा दिसला. आपण काय करतो? "अरेरे!" म्हणतो आणि पुढं जातो. शंतनूला मात्र चैन पडेना. ड्रायव्हरला कुत्रा वेळेवर दिसला असता तर?

जरा गणित करू या. ताशी 60 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढं जाते. समजा, अंधारात काळा कुत्रा 30 मीटरवर आल्यावर दिसला. म्हणजे ड्रायव्हरच्या हातात दोन सेकंदही नाहीत. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातला एक सेकंद संपतो! हाच कुत्रा दुरून दिसला, तर सावकाश ब्रेक लावता येतो. कुत्रा वाचतो आणि गाडीतली माणसंही.

शंतनूनं मित्र गोळा केले. घरोघरी जाऊन जुन्या जीनच्या पँटी मागून आणल्या. त्यांचे पट्टे कापले, त्यांवर चमकणारी पट्टी लावली आणि ते रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधले. या कामाला त्यांनी नाव दिलं 'मोटोपॉज'.

काम वाढलं, पण खिशात पैसे कुठले? तेव्हा शंतनूचे वडील म्हणाले, रतन टाटांना पत्र लिही, त्यांनाही कुत्र्यांचा लळा आहे. आधी शंतनूनं मनावर घेतलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला आपण कसं लिहायचं? मग विचार केला, का नाही लिहायचं? आणि लिहिलं! नंतर उत्तर आलं. खाली सही होती खुद्द रतन टाटांची, आणि भेटीचं बोलावणंही होतं.

पुढं टाटांनी या कामाला पैशांची मदत तर केलीच, पण मैत्रीही केली. शंतनू शिकायला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. रतन टाटांनी तरुणपणी वास्तुकलेचं शिक्षण घेतलं, तेच हे विद्यापीठ! 2018 मध्ये तो परत आला आणि त्यांच्या कार्यालयात काम करू लागला. टाटांच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाचं चित्रण खूप जणांनी पाहिलं. मोठा केक नाही, थाटमाट नाही. छोटासा केक, त्यावर एकच मेणबत्ती आणि खांद्यावर शंतनूचा हात!

9 ऑक्टोबर 2024 रोजी रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत त्यांच्या अंत्ययात्रेपुढं मोटारसायकलवर एक तरुण होता. तो शंतनू. टाटांचा लाडका कुत्रा 'गोवा' यालाही शेवटच्या दर्शनाला आणलं होतं. निरोप देताना शंतनूनं आपल्या या मित्राला दीपस्तंभ म्हटलं. 2021 साली त्यानं या मैत्रीवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातही दीपस्तंभच आहे.

दीपस्तंभ काय करतो? दुरून दिसतो आणि जहाजाला खडकापासून वाचवतो. कुत्र्याच्या गळ्यातला तो पट्टासुद्धा एक इवलासा दीपस्तंभच नाही का?

मित्र गेला की आपण फोटोला हार घालतो, रडतो. रडू यायचंच. पण त्याला जे जपावंसं वाटायचं ते आपण जपलं, तर तो थोडासा आपल्याजवळ राहतो. रतन टाटांना सुसाट गाड्या आवडायच्या, आणि त्या गाड्यांपुढं सापडणाऱ्या जिवांची काळजीही वाटायची. वेगाची हौस असलेल्या प्रत्येकाला ही काळजी हवीच.

आज रात्री एक प्रयोग करा. सायकलच्या मागचा तांबडा रिफ्लेक्टर अंधारात ठेवा. दहा पावलं मागं या, बॅटरी डोळ्याजवळ धरा आणि उजेड टाका. कसा झगमगतो! आता उजेड त्याच्यावरच ठेवून बॅटरीचा हात लांब बाजूला न्या. चमक मंदावली ना? जिकडून उजेड आला तिकडंच तो परत पाठवायचा, हीच त्याची करामत. चमकत्या पट्टीतही काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात. म्हणून दिवे लागलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला ती लांबूनच दिसते. तिला ना सेल लागतो, ना वीज.

मग बाबांना, काकांना सांगा, आपल्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून ही पट्टी लावा. गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्याला पट्टा बांधायचा असेल, तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या. पट्ट्यात दोन बोटं जातील एवढा तो सैल असू द्या. अनोळखी कुत्र्याच्या जवळ मात्र जायचं नाही.

पुढच्या खेपेला रात्रीच्या एसटीतून जाताना रस्त्यावर काही चमकलं, तर त्या फेरारीवाल्या आजोबांची आठवण काढाल ना?