गावाचे गाणे रेडिओवर

आपल्या ठाणे-कल्याणला जवळचे रेडिओ केंद्र मुंबईचे. ते २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. आधी ते एका खाजगी कंपनीचे होते. कंपनी बुडाली, तेव्हा १९३० साली सरकारने केंद्र हाती घेतले.

पण रेडिओ बोलायचा आणि गाव नुसते ऐकायचे. १९५६ साली पुणे केंद्राने वेगळा प्रयोग केला. दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळे निघाली. आठवड्यातून दोनदा मंडळी कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत.

२००६ साली सरकारने सेवाभावी संस्थांनाही छोटे केंद्र काढायला परवानगी दिली. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो. निम्मे तरी कार्यक्रम तेथल्या लोकांना घेऊन करावे लागतात. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ साली असे केंद्र निघाले. त्याचे नाव 'माणदेशी तरंग वाहिनी'.

आपल्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते. जात्यावरच्या ओव्या आहेत, लावणीची गाणी आहेत. पण त्यांतली बरीच तोंडीच राहिली. गाणारी म्हातारी गेली, की गाणेही जाते. मग रेडिओवर लावणार काय? आता आपल्याला लिहिता येते. चला, आजच एक गाणे वहीत उतरून घेऊ या!