सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही!

डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात पहाटे एक आवाज हमखास ऐकू येतो. जुन्या डिझेल पिकअपचा सेल्फ घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. मागे भाजीचे कॅरेट भरलेले असतात आणि उजाडायच्या आत बाजार गाठायचा असतो. अडीअडचणीला आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाही हीच गाडी कामी येते. अशा वेळी ‘थंडी आहे, चालायचंच’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. खरे तर आपल्याकडची थंडी धडधाकट डिझेल इंजिन अडवण्याइतकी कडक नसते. इंजिनात आधीपासून असलेला दोष ती फक्त उघडा पाडते.

हे कसे, ते समजण्यासाठी डिझेल इंजिन पेटते कसे ते पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो, डिझेलमध्ये तो नसतो. पिस्टन हवा दाबून तिचे आकारमान सुमारे विसाव्या हिश्शावर आणतो. सायकलचा पंप मारताना नळी तापते, तशी ही हवा तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. बाहेर ३५ अंश तापमान असेल, तर ढोबळ हिशेबाने आतली हवा ४८० अंशांपर्यंत जाते. बाहेर १० अंश असेल, तर ती ४२० च्या आसपास राहते. म्हणजे बाहेरचा २५ अंशांचा फरक आत ६० अंशांचा होतो. तरीही ४२० अंश डिझेल पेटायला पुरेसे आहेत. मात्र सेल्फ हळू फिरला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या, तर दाबलेली हवा निसटते, तिची उष्णता थंड भिंती शोषून घेतात आणि तापमान आणखी खूप खाली येते. मग डिझेल न पेटताच धूर होऊन बाहेर पडते.

डॉक्टर जसे आधी नाडी पाहतात, तसे इथे आधी सेल्फचा आवाज ऐकावा. तो ओढल्यासारखा, दमल्यासारखा येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीकडे आहे. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला, तर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. पण नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवर जमलेला पांढरा-निळसर क्षार साफ करा. बॅटरीपासून चेसीस आणि इंजिनपर्यंत जाणारी अर्थिंगची वायरही घट्ट करा. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते.

सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही, तर डिझेल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. जुन्या गाडीत रबरी नळ्यांना बारीक चिरा पडतात. रात्रभरात तिथून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर हा संशय आणखी पक्का. फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढल्यावर गाडी उठली, तर गळती शोधा. फिल्टरमध्ये साचलेले पाणीही काढून टाका. एक साधी खूण अशी: उन्हाळ्यात दुपारीसुद्धा सात-आठ तास उभी राहिल्यावर गाडी त्रास देत असेल, तर थंडीला दोष देऊ नका.

सेल्फ जोरात आहे आणि पांढरा धूरही येतो, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. ज्या गाड्यांना हीटर प्लग आहेत, त्यांत आधी तेच पाहावेत. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझला, म्हणजे प्लग तापले असे नव्हे. अनेक गाड्यांत तो दिवा ठरावीक वेळेने विझतो. वायर काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजला, तर चांगल्या प्लगचा आकडा साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर तो प्लग गेला. चारपैकी एक गेला, तरी गाडी थरथरत, धूर ओकत सुरू होते. प्लग ठीक असतील, तर नोजल, पंपाचे टायमिंग आणि कॉम्प्रेशन या क्रमाने मिस्त्रीकडून तपासून घ्या.

काही उपाय मात्र दुखण्यापेक्षा घातक आहेत. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरला, तर गाडी आणि माणूस दोन्ही भाजू शकतात. ईथरचा स्प्रे डिझेलच्या आधीच पेट घेतो. हीटर तापलेले असताना तो मारला, तर स्फोट होऊन पिस्टन-रिंगा फुटू शकतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने पंपाला मिळणारे वंगण घटते. शिवाय आपल्याकडे त्याची गरजही नाही. भारतीय मानकानुसार हिवाळ्यातले डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवे.

आणि धूर. बंद शेडमध्ये गाडी तापवत ठेवू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे. पांढऱ्या धुरातले अर्धवट जळालेले डिझेल डोळे चुरचुरवते आणि दमेकऱ्यांना खोकल्याची उबळ आणते. म्हणून गाडी आधी अंगणात काढा. सायलेन्सरचे तोंड घराच्या दारा-खिडकीकडे नको आणि लेकरेही जवळ नकोत.

दिवाळीच्या आसपास, थंडी पडण्यापूर्वी एक दिवस काढून बॅटरी, नळ्या, डिझेल फिल्टर आणि हीटर प्लग तपासून घ्या. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. मिस्त्रीकडे गेल्यावर नुसते ‘गाडी उठत नाही’ एवढेच सांगू नका. सेल्फ कसा फिरतो आणि धूर कोणत्या रंगाचा येतो, हेही सांगा. त्याचे निम्मे काम तिथेच होते आणि तुमचा नको त्या पार्टवरचा खर्च वाचतो.