काम नसताना नागपूर

आम्हा वर्धेकर बायकांना नागपूर काही नवं नाही. कुणाचं ऑपरेशन निघालं की नागपूर, मुलीचं लग्न ठरलं की बस्त्याला नागपूर. सकाळची गाडी पकडायची, डबा बरोबर घ्यायचा, काम उरकायचं आणि रात्री घरी येऊन पुन्हा कुकर लावायचा! जेमतेम सव्वा-दीड तासाचं अंतर. पण सहलीला नागपूर म्हटलं तर लोक हसतात. आमच्याकडेही हे हसलेच. "तिथं पाहायला आहे काय?" सासूबाई तर म्हणाल्या, "मला नको बाई ते गाव." त्यांचंही खरंच होतं. मामंजींच्या आजारपणात त्या दीड महिना तिथं राहिल्या होत्या, आणि पाहिलं काय, तर दवाखान्याचा व्हरांडा. म्हणूनच मी हट्ट धरला. डिसेंबरातला शनिवार-रविवार ठरला. माझी अट एकच : डबा न्यायचा नाही.

उतरल्याबरोबर कस्तुरचंद पार्ककडे तर्री पोहे. पोहे आपल्यासारखेच, पण वर काळ्या हरभऱ्यांची लालभडक, पातळ तर्री. "ताई, झणझणीत पायजे का साधी?" असं विचारलं तर मुलांसाठी तर्री वेगळ्या वाटीत मागावी. धाकटीनं पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तरी वाटी सोडली नाही.

नागपूरची मेट्रो २०१९ साली सुरू झाली, पण आम्ही तिच्यात बसलो ते आत्ता. सीताबर्डीला उतरलो, तिथं शेजारीच टेकडीवर किल्ला. १८१७ साली भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकडीवर, हे थोरल्याला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. त्यानं आम्हाला ऐकवलं. खाली बर्डीचा बाजार. तिथं मी दोन तास घालवले आणि घेतल्या फक्त केसांच्या पिना. यादी नसताना बाजारात हिंडणं हे सुख किती वर्षांनी मिळालं म्हणून सांगू!

दुपारी सावजी. ही मुळात हलबा-कोष्टी विणकरांच्या घरची रांधण्याची रीत. हातमागाचा धंदा बसत गेला तशा कित्येक घरांनी खानावळी काढल्या, आणि बायकांच्या हातचा वाटलेला मसाला गावभर झाला. दगडफूल, मिरी, सुकं खोबरं, खसखस असा तो काळपट मसाला. पूर्वी जवसाचं तेलही वापरत. ह्यांनी आणि थोरल्यानं मटण घेतलं. सासूबाईंचा शनिवार, म्हणून त्यांना नि मला पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या तशाच जहाल रश्श्यात. पूर्वी बायका अशा खानावळीत बसत नसत, पार्सल घरी येई. आता कुटुंबंच्या कुटुंबं बसतात, फक्त गर्दीच्या आधी जावं.

रात्रीची गंमत मात्र निराळीच. लांब पोळ्या करणारी एक बाई बसली होती. गव्हाची सैल कणीक, तिचा लाटण्याशी संबंधच नाही. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती पोळी कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. सासूबाई तिच्याशेजारी पाटावर जाऊन बसल्याच.

"कणीक किती वेळ मळता हो?"

"हात दुखेस्तोवर, मावशी."

चाळीस वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईला आपल्या हाताबाहेरची एक पोळी सापडली होती. अर्धा तास त्या उठल्या नाहीत.

रविवारी दीक्षाभूमी पाहिली, १८६३ पासूनचा अजब बंगलाही पाहिला. वाटेत सासूबाईंनी रिक्षा थांबवली. त्या दवाखान्यासमोरची चहाची टपरी अजून तिथंच होती. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. "बरा असतो की इथला चहा," त्या म्हणाल्या. "तेव्हा कळलंच नाही." आम्ही कुणी काही बोललो नाही. त्यांनी आणखी एक अर्धा मागवला.

परतताना संत्रा बर्फी घेतलीच, पण खरी खरेदी संत्र्यांची. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराचं फळ येतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चात. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते; तेव्हा रंगावर न जाता हातात घेऊन वजनदार लागेल ते निवडावं. मुलांनी गाडीतच डझनभर संपवली. साली मी पिशवीत भरून आणल्या. सावलीत कडकडीत वाळवून कुटल्या आणि डाळीच्या पिठात मिसळून ठेवल्या आहेत. अंगाला लावायला उत्तम.