आकाशातले अंतर आणि प्रवाशाचा वेळ

'नांदेडहून हैदराबादला विमानाने किती वेळ लागतो?' असे विचारले, तर 'एक तास' हे उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण ते विमानाचे उत्तर आहे, प्रवाशाचे नव्हे. हा फरक समजण्यासाठी प्रथम अंतर कसे मोजतात ते पाहू.

माझे आजोबा अंतर कोसांत सांगत, वडील एस.टी.च्या तासांत सांगतात. विमानविद्येत ते अक्षांश-रेखांशांवरून काढतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ मिनिटांवर, तर हैदराबादचा शमशाबाद येथील विमानतळ १७ अंश १४ मिनिटांवर आहे. म्हणजे दक्षिणेकडे ११७ सागरी मैल. पूर्वेकडे फरक ६७ मिनिटांचा आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे ती ६४ मैलच भरतात. शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत येथे लावला, की सरळ अंतर १३३ सागरी मैल, म्हणजे सुमारे २४६ किलोमीटर येते.

'उडान' योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी या मार्गावर विमानसेवा सुरू झाली. त्या कंपनीकडे एटीआर-७२ जातीची, पंख्यांची विमाने होती. त्यांचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. त्या हिशेबाने अर्ध्या तासात हैदराबाद यावे! मग वेळापत्रकात तास का धरतात? कारण वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वाऱ्याची दिशा पाहून वळसा घेऊन उतरणे, हे सारे त्यात येते.

आता आपल्या वसमतहून निघू. नांदेड गाठायला एक तास, विमानतळावर आधी पोहोचावे लागते तो दीड तास, उड्डाणाचा एक, सामान मिळायला अर्धा आणि शमशाबादहून शहरात जायला एक. एकूण पाच तास! रस्त्याने सात-आठ लागतात. म्हणजे बचत दोन-तीन तासांचीच.

याउलट अमृतसर घ्या. सरळ अंतर सुमारे १४०० किलोमीटर. सचखंड एक्सप्रेसला जवळजवळ दीड दिवस लागतो; जेट विमानाला अडीच तास पुरतात. जमिनीवरचे चार तास तेवढेच राहतात, पण वाचतो तो अख्खा दिवस. अंतर वाढते तसा विमानाचा लाभ वाढतो, तो असा.

तथापि या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: ज्या दिवशी निघायचे त्या दिवशी विमान असले पाहिजे. २०१७ ची ती सेवा पुढे थांबली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमाने नांदेडला येऊ लागली. उपचारासाठी हैदराबादला नेण्याच्या रुग्णाला आठवड्यातून मोजकेच दिवस उडणारे विमान काय कामाचे? दोन दिवस थांबावे लागले, तर तीन तासांची बचत कोठे राहिली?

म्हणून विमान किती वेगाने जाते एवढेच विचारू नये. ते रोज आहे काय, आणि त्याच्या वेळेला वसमतहून एस.टी. सुटते काय, हेही विचारावे. आपला प्रवास धावपट्टीवर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो.