उपचार थांबवणे वेगळे, मरणाचे औषध देणे वेगळे
मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणाऱ्या, पुसून काढणाऱ्या परिचारिकांनीच दयामरणाला विरोध केला. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, पण उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने उघडली. २०१८मध्ये उपचार कधी थांबवावेत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. २०२३पासून ते नोटरीसमोरही करता येते. डॉक्टरने मरणाचे औषध देणे मात्र आजही गुन्हाच, आणि माझ्या मते तूर्त तो तसाच राहावा. यंत्रावर नसलेल्या, तरी वेदनांनी तळमळणाऱ्या कर्करुग्णाचे काय, हा आक्षेप खराच. पण जिथे मॉर्फिनची मारामार आणि आजारपणापायी घर कर्जात, तिथे ‘मला सोडवा’ हे रुग्ण बोलतो की बिल, हे डॉक्टरने कसे ओळखावे? आधी वेदनाशामक उपचार तालुक्यापर्यंत पोहोचवा. तोवर आपले इच्छापत्र करा आणि घरच्यांना सांगून ठेवा.