वहीत बघून सांगतो

दादाच्या वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी आहेत. 'माझ्या मेंदूत गाठ होती. ती ऑपरेशन करून काढली. गाठ कॅन्सरची नव्हती. तेव्हापासून नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. मी येडा नाही.' पहिल्या चार ओळी न्यूरोसायकॉलॉजिस्ट मॅडमनी सांगितल्या, त्याने लिहून घेतल्या. पाचवी त्याची स्वतःची. मॅडमनी ती खोडायला लावली नाही. अक्षर त्याचंच हवं, एवढा मात्र त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या कुणी लिहिलेलं असलं की दादा हुज्जत घालतो. आपल्या अक्षरापुढे गप्प बसतो.

दादा लेडीज टेलर. सांगलीच्या गावभागात घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत चार-दोन घागरे. वहिनी हातशिलाई, हूक, फॉल-पिको बघते. मी दुपारनंतर गिऱ्हाईक आणि हिशेब सांभाळायला जाते. आमच्या घरात काय चालतं याबद्दल लोकांना फार हळवी कल्पना असते. रडणं-बिडणं होतं, नाही असं नाही. पण दिवसाचा मोठा भाग कारकुनीत जातो. तारीख टाका, लिहा, चिठ्ठी टाचा, खूण करा, परत बघा.

मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांतल्या तिसरीच्या छतापाशी, पाणी पुढे जाण्याच्या वाटेवरच, दादाला कोलॉइड सिस्ट झाली होती. मेंदूच्या गाठींमध्ये हिचं प्रमाण शंभरात एखादं. जात साधी, जागा वाईट. वाट अडली की पाणी तुंबतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि क्वचित माणूस एकाएकी दगावतो. त्यामुळे थांबून बघू म्हणायची सोय नव्हती. २०२० च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. या गाठीला खेटूनच फॉर्निक्स नावाचे मज्जातंतूंचे दोन पट्टे जातात. आजचं उद्यासाठी साठवून ठेवण्याचं काम ज्या हिप्पोकॅम्पसमुळे होतं, त्याचा मेंदूच्या इतर भागांशी संबंध या पट्ट्यांमधून राहतो. ते दुखावले की साठवण बंद पडते. गाठीच्या दाबाने दुखावले की गाठ काढताना, हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही. धोका आधी सांगितलेला होता, सही वहिनीची आहे, आणि जिवावरचं टळलं. आमच्यापुरता तो विषय तिथे संपला.

तपासणीत एक गोष्ट पाहून मी चक्रावले होते. मॅडमनी सात आकडे म्हटले, दादाने सातही जसेच्या तसे परत म्हटले. मग त्यांनी एक छोटी गोष्ट वाचून दाखवली. लगेच विचारल्यावर बरीचशी सांगितली. अर्ध्या तासाने विचारलं तर म्हणाला, 'कुठली गोष्ट?' विसरला असं म्हणावं तर कुणी गोष्ट सांगितली होती हेच त्याच्या लेखी घडलेलं नव्हतं. लक्ष देता येतं, बोलता येतं, विनोद करता येतो, म्हणून पाच मिनिटं भेटून जाणाऱ्याला काही कळतच नाही. 'बरा दिसतोय की!' म्हणून पाहुणे जातात. त्यांना जिना उतरवून मी वर येते तोवर त्याने वहिनीला विचारलेलं असतं, 'आज कुणी येणार होतं का?'

मागचंही थोडं गेलं. ऑपरेशनच्या आधीची साधारण दोन वर्षं पुसट आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा दोन्ही मशिनं पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेणारा हाच माणूस. आता भिंतीवरची पाण्याची रेघ बघून तो म्हणतो, '२००५ ला एवढं आलं होतं होय? मला कमी आठवतंय.' २००५ चा पूर त्याला गल्ली-गल्लीनिशी पाठ आहे. मधल्या रिकाम्या जागेत तो जवळचं काहीतरी बसवतो आणि ते खरं मानतो. काल कराडला जाऊन कापड आणलं, असं शपथेवर सांगेल. यात खोटेपणा नसतो, कारण फसवायला जे खरं माहीत असावं लागतं तेच त्याच्याकडे नसतं. वहिनी अशा वेळी वाद घालत नाही. 'वहीत काय आहे बघा बरं,' एवढंच म्हणते.

हात मात्र शाबूत आहेत. मापाचा ब्लाउज समोर टाकला की दादा कापडाची घडी घालतो, खडूने मुंढा काढतो, गळ्याची खोली बोटांनी अजमावतो, आणि कात्री चालवतो ती पूर्वीसारखीच. कटोरीचे तुकडे जुळवताना त्याला कधी अडखळलेलं पाहिलं नाही. ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी ओव्हरलॉकचं नवं मशीन आणलं. त्यात तीन रिळांचा दोरा ओवायचा म्हणजे कडी, खाच, परत कडी अशी लांबण असते. आठवडाभर मी रोज शिकवत होते. रोज त्याचा पहिला प्रश्न, 'हे कुणाचं मशीन?' आणि रोज दोरा ओवायला वेळ थोडा कमी. आता मला येत नाही एवढ्या झटक्यात तो दोरा ओवतो. मशीन कधी घेतलं, कुणी शिकवलं, काही माहीत नाही.

मेंदूशास्त्राला हे कळलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. २००८ मध्ये वारला तोवर नवी आठवण म्हणून जवळपास काही जमलं नाही. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला एकदाही आठवलं नाही. हाताचं शिकणं आणि घडलेलं आठवणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या, हे त्यातून सिद्ध झालं. आमच्या घरी या निष्कर्षावर चूल पेटते.

अडतं ते मध्येच. अर्धं कापून झालंय आणि दारावर कुणी आलं, की परत वळल्यावर अस्तर कापलं की नाही ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक कपड्याबरोबर एक चिठ्ठी. त्यावर माप, तारीख, गळ्याचं चित्र, आणि कामांचे चौकोन: कापलं, अस्तर कापलं, जोडलं, बाही, हूक, इस्त्री. काम झालं की चौकोनात खडूची रेघ, कात्री खाली ठेवायच्या आत. टेलर लोक पूर्वीपासून गिऱ्हाइकाच्या कापडाचा छोटा तुकडा कापून बिलबुकाला टाचतात, म्हणजे कुठलं कापड कुणाचं हा घोळ होत नाही. दादा ते पोरवयापासून करत आला. माझं ठाम मत आहे की वहीने दादाला तारलं ते या जुन्या सवयीमुळे. लिहिल्याशिवाय काम हातात घ्यायचं नाही हे त्याच्या हातांना आधीच माहीत होतं. ज्या घरात कुणी कधी काही लिहून ठेवलेलं नाही तिथे महागडी डायरी आणून दिली तर ती कपाटात पडून राहते, आणि मॅडमही तेच म्हणाल्या.

वही शिकवायचीही एक रीत आहे. आधी कुठल्या भागात काय आहे ते पक्कं करायचं: 'आज', 'माणसं', 'औषधं', 'घरात काय बदललं'. मग प्रश्न आला की वही उघडायची सवय. मग घराबाहेर, दवाखान्यात, लग्नात तिचा वापर. यातली दुसरी पायरी सगळ्यांत चिवट. वही असते, उघडायची आठवण नसते. त्यासाठी तासातासाला फोन वाजतो. फोन नव्हते तेव्हाही ही युक्ती होती. डोक्याला मार लागलेल्या आपल्या मुलासाठी कॅलिफोर्नियातल्या लॅरी ट्रेडगोल्ड या इंजिनिअरने नील हर्श यांच्या मदतीने पेजरची यंत्रणा केली होती. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन यांनी ती १४३ जणांवर तपासली, आणि २००१ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांना ठरलेली कामं वेळेवर करणं लक्षणीय जमलं. आमच्याकडे फोन वाजला की 'कुणाचा फोन वाजतोय?' असं दादाच विचारतो. पण हात वहीकडे गेलेला असतो.

सगळ्यांत जास्त त्रास 'आठवतंय का?' या प्रश्नाचा. येणारा प्रत्येक माणूस तो विचारतो, प्रेमानेच. 'मी कोण सांग बघू?' 'ओळख बघू ही कुणाची पोरगी?' जणू ताण दिल्याने सुधारेल. उलट होतं. १९९४ मध्ये ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी दाखवलं की अशा लोकांना अंदाज करू न देता थेट बरोबर उत्तर दिलं तर ते जास्त चांगलं शिकतात. कारण सरळ आहे. आपण चुकलो तर 'तेव्हा चुकलो होतो' हे आपल्याला आठवतं. दादाला चूक सुधारल्याचा प्रसंग आठवत नाही. तोंडातून गेलेलं चुकीचं नाव तेवढं मुरतं. पुढच्या वेळी तेच आधी जिभेवर येतं. म्हणून दारावर पाटी लावावी असं माझ्या मनात आहे: आत येताना आपलं नाव आणि नातं सांगा. वहिनीला ते बरं दिसत नाही, म्हणून ती स्वतःच दारात उभी राहून मोठ्याने म्हणते, 'अहो, तासगावच्या मावशी आल्यात.'

काही गोष्टी वहीशिवायही बसवता येतात. दादाची लेक शिकायला पुण्याला गेली तेव्हा रोज संध्याकाळी तो तिची वाट बघत दारात जायचा. मग सुरुवात केली. 'लेक पुण्याला आहे. कुठे आहे?' 'पुण्याला.' अर्ध्या मिनिटाने परत, मग एका, दोन, चार, आठ मिनिटांनी. उत्तर अडेलसं वाटलं की आपणच सांगायचं आणि अंतर कमी करायचं. कंटाळवाणं काम आहे, भाजी निवडता निवडता करायचं. बसलं पण. आता तो वाट बघत नाही. ती कॉलेजात काय शिकते हे मात्र दर वेळी नव्याने ऐकतो आणि दर वेळी खूश होतो.

आई २०२१ मध्ये गेली. दादा सगळ्या विधींना होता. त्यानंतर कित्येक सकाळी त्याने विचारलं, 'आई उठली नाही अजून?' काय सांगायचं यावर घरात दोन मतं होती. माझं म्हणणं, देवळात गेलीय म्हणावं. वहिनी ठाम राहिली: त्यांची आई आहे, खोटं सांगायचं नाही. 'घरात काय बदललं' या पानावर त्याच्याच हातून ओळ लिहून घेतली. ती वाचून तो कधी रडायचा, कधी नुसता बसायचा. तासाभराने ओळ विसरलेली असायची, पण चेहरा उतरलेलाच. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये असंच नोंदवलं आहे. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या लोकांना दुःखी चित्रफिती दाखवल्या, तर चित्रफीत विसरून गेल्यावरही उदासी मागे उरली. म्हणून वहिनीने नियम केला, ते पान सकाळी कामाला बसायच्या आधी वाचायचं नाही. जेवण झाल्यावर, ती जवळ असताना. पुढे प्रश्न कमी होत गेला. वहीतलं मुरलं की आईचा आवाज घरात नसल्याची सवय झाली, कोण जाणे.

एका बाबतीत वही अजिबात चालत नाही, ती म्हणजे शिलाईचा दर. नाव, वार, औषध, यांबाबत आपल्याला माहीत नाही हे दादाला कळतं, म्हणून तो वही उघडतो. दर त्याला पक्का माहीत आहे: अस्तराचा ब्लाउज अडीचशे. ऑपरेशनच्या बऱ्याच आधीचा. ज्याबद्दल शंकाच नाही ते माणूस कशाला बघेल? आम्ही कटिंगच्या टेबलावर साडेचारशेचा बोर्ड लावला. गिऱ्हाइकाने बोर्डाकडे बघितलं की हाच म्हणतो, 'ते काहीतरी चुकलंय हो, एवढे कोण घेतं? अडीचशे द्या.' जुन्या बायका हसून बरोबर पैसे माझ्या हातात ठेवतात. नव्या ठेवत नाहीत, आणि त्यांचं काय चुकलं? आता ठरलंय, पैशाचं बोलणं माझ्याकडे. दुपारच्या आधी कुणी विचारलंच तर वहिनी आतून ओरडते, 'दर वाढलेत हो!' आणि दादा गिऱ्हाइकाकडे झुकून हळूच सांगतो, 'हिचं ऐकू नका.'